डाग दिसला म्हणजे टाका हवाच, असं नाही

गरोदर बायकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सतत फिरतो. त्याचा सारांश असा: रक्ताचा डाग दिसला म्हणजे पिशवीचं तोंड (गर्भाशयाचं मुख) सैल झालं, ते बांधायला लगेच टाका घालून घ्या, पलंगाच्या पायथ्याला विटा लावून बाळंतपणापर्यंत झोपून राहा, हार्मोनची इंजेक्शनं चालू ठेवा आणि आतून सोनोग्राफी करू देऊ नका. असं वागल्याने बायकांचे हाल तर होतातच, शिवाय जिला टाक्याची खरी गरज आहे तिचीच तपासणी राहून जाते.

"डाग म्हणजे तोंड सैल." पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त गर्भ पुढे नीट वाढतात. कारण कधी गर्भाच्या आवरणामागे साचलेलं रक्त असतं, कधी मुखावरचा पॉलिप, म्हणजे छोटा मांसल कोंब. कधी गर्भ पिशवीत न येता गर्भनलिकेतच राहिलेला असतो आणि तेव्हा जीवावर बेतू शकतं. या काळात पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो. असा गर्भ जिना चढल्यामुळे पडत नाही आणि टाक्याने थांबतही नाही.

मुखाची कमजोरी निराळी. ती बहुधा १६ ते २४ आठवड्यांत, कळा न येता उघडकीस येते. रक्त नसतंच, किंवा अगदी शेवटी गुलाबीसर डाग दिसतो. त्याआधी फार तर ओटीपोटात खाली दाब, कंबरेत मंद दुखणं, स्राव अचानक वाढून पाण्यासारखा होणं. म्हणून डागावरून हा आजार ओळखायला गेलं तर वेळ हातची गेलेली असते.

"आतून सोनोग्राफी नको." आमच्या मते संपूर्ण मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य हेच. प्रोब (तपासणीची दांडी) योनीत राहतो, गर्भाशयाच्या मुखात शिरत नाही. रक्तस्राव चालू असतानाही ही तपासणी सुरक्षित आहे. वार खाली आहे का, हेही तिनेच नीट कळतं. उशिराच्या महिन्यांत रक्त गेलं तर वारेची जागा कळेपर्यंत बोटाने आतली तपासणी टाळायची असते. या दोन तपासण्यांची गल्लत होऊन ही भीती पसरली असावी.

पोटावरून मोजलेली मुखाची लांबी भरवशाची नसते, कारण भरलेल्या मूत्राशयाच्या दाबाने मुख आहे त्यापेक्षा लांब दिसतं. म्हणून लघवी करून यायचं. प्रोब जोरात दाबला तरीही माप फसवं वाढतं. तीन ते पाच मिनिटं थांबून निदान तीन मापं घ्यायची आणि त्यातलं सर्वांत लहान धरायचं. मधल्या महिन्यांत लांबी सहसा ३५ ते ४० मिमी असते; २४ आठवड्यांआधी २५ मिमीहून कमी भरली तर मुख आखूड. आधी मधल्या महिन्यांत गर्भ गेला असेल किंवा फार लवकर बाळंतपण झालं असेल, तर १६ ते २४ आठवड्यांत साधारण दर दोन आठवड्यांनी मापं घ्यावीत.

"लगेच टाका घाला." रक्तस्राव चालू असणं, कळा, जंतुसंसर्ग, पाणी जाणं ही तर टाका न घालण्याची कारणं आहेत! मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया घडवली आणि १९५५ साली प्रसिद्ध केली, ती मधल्या महिन्यांत पुन्हापुन्हा गर्भ जाणाऱ्या स्त्रियांसाठी. विश्रांती आणि हार्मोन यांचा त्यांना उपयोग होत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या १,२९२ स्त्रियांच्या चाचणीतही स्पष्ट फायदा दिसला तो आधी तीन किंवा अधिक वेळा मधल्या महिन्यांत गर्भ गेलेल्या किंवा अकाली बाळंतपण झालेल्यांनाच. आज इतिहास ठोस असेल तर १२ ते १४ आठवड्यांत टाका घालतात, किंवा इतिहास आणि आखूड माप दोन्ही जुळल्यावर. जुळं आहे किंवा माप थोडं कमी आहे, एवढ्यावर नाही.

"हार्मोनची इंजेक्शनं." इथे थोडं तथ्य आहे. २०१९ साली ब्रिटनमधल्या ४,१५३ स्त्रियांच्या चाचणीत लवकरच्या रक्तस्रावावर योनीत ठेवायचं प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला लागणारं हार्मोन) दिलं. एकूण फरक किरकोळ निघाला: जिवंत बाळ झालं ते औषध घेतलेल्या ७५ टक्के स्त्रियांना, औषध नसलेली गोळी घेतलेल्या ७२ टक्के स्त्रियांना. मात्र आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्यांत ७२ विरुद्ध ५७. म्हणून आधी गर्भपात झालेला असेल आणि गर्भ पिशवीतच असल्याचं सोनोग्राफीत दिसलं असेल, तर ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १६ आठवड्यांपर्यंत. आखूड मुखासाठी वेगळा डोस: रात्री २०० मिग्रॅ. अकाली बाळंतपण टाळण्यासाठी दर आठवड्याला द्यायच्या १७-ओएचपीसी या कृत्रिम हार्मोनच्या इंजेक्शनची मंजुरी अमेरिकेने २०२३ मध्ये काढून घेतली, कारण उपयोग सिद्ध झाला नाही.

"पायथ्याला विटा." झोपून राहिल्याने गर्भपात किंवा अकाली बाळंतपण टळतं, असा पुरावा नाही. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, स्नायू आणि हाडं कमकुवत होणं, मन खचणं हे मात्र होतं. रोजचं हलकं काम चालू ठेवावं.

मजकुरात एक अत्यावश्यक गोष्ट आलेलीच नाही: रक्तगट. आई आरएच निगेटिव्ह असेल आणि १२ आठवड्यांनंतर रक्त गेलं, तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. १२ आठवड्यांआधीही डॉक्टरांना विचारावं.

डाग दिसला तर पॅड लावा, आत काही ठेवू नका. वेळ, रंग, गाठी लिहून ठेवा, रक्तगटाचा आणि आधीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन दाखवायला जा. तासाभरात पॅड पूर्ण भिजतो आहे, एका बाजूला तीव्र दुखतंय, खांद्याच्या टोकाला कळ येते, चक्कर येते, ताप आहे, पाणी जातंय, पोट दगडासारखं कडक झालंय, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठा. टाका घातलेला असताना कळा सुरू झाल्या तर घरी थांबू नका. सहसा ३६-३७ आठवड्यांत काढायचा टाका तेव्हा लगेच काढावा लागतो, नाहीतर मुख फाटतं.