राजवाडा आज बंद आहे

विनय बँकॉकहून परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर तिकडे फसवला गेल्याबद्दल त्याच्याविरुद्ध रीतसर खटला उभा राहिला. फिर्यादी अर्थातच आप्पा होते. त्यांनी 2011 साली एका सहल कंपनीबरोबर पाच रात्री आणि सहा दिवस थायलंड पाहिला आणि तेव्हापासून आग्नेय आशियावरचा शेवटचा शब्द आपलाच, असे ते धरून चालतात. मुद्दा मांडताना उजव्या हातातल्या अंगठीने कटिंगच्या ग्लासावर टकटक करण्याची त्यांची सवय सर्वांनाच पाठ आहे.

रात्रभर विमानात झोप नाही, घड्याळ दीड तास पुढे गेलेले, अशा अवस्थेत विनय सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने फया थाई स्टेशनपर्यंत आला आणि तेथून चालत जाऊन त्याने सेन सेप कालव्यातली बोट पकडली. या बोटीविषयी सांगताना मात्र आरोपीचा चेहरा उजळला. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी मुकाट्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात आणि ज्याला हे ठाऊक नसते त्याच्या तोंडावर कालव्याचे काळे पाणी उडते, हे त्याला दुसऱ्या शिडकाव्यानंतर उमगले. हॉस्टेलमध्ये खाट दुपारी दोननंतर मिळणार होती, म्हणून पिशवी तेथेच टाकून तो राजवाड्याकडे निघाला.

पुढचे सर्वांना ठाऊकच होते. भिंतीजवळ इस्त्रीच्या शर्टातले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले गृहस्थ भेटले, त्यांनी सणामुळे राजवाडा एक वाजेपर्यंत बंद असल्याचे हळहळत सांगितले आणि तोवर वीस बाटांत, म्हणजे तिकडच्या चलनात, देवळे दाखवणारी टुकटुक रिक्षाही थांबवून दिली. देऊळ एकच झाले, त्यानंतर रत्नांचे दुकान लागले आणि शेवटी शिंपी. रत्नांपासून विनय सुटला, परंतु शिंप्याकडे कोटाच्या कापडापोटी दीड हजार बाट ठेवून आला.

“स्वतःच्या लग्नात ज्याने कोट घातला नाही, त्याने बँकॉकच्या उकाड्यात कोट शिवायला टाकला!” नितीन म्हणाला आणि हशा ओसरायला बराच वेळ लागला.

“परदेशात डोळे उघडे ठेवावे लागतात,” आप्पांनी टकटक करत निकाल दिला.

“रात्रभर उघडेच होते, हीच तर अडचण झाली, आप्पा,” मीनल म्हणाली.

मीनल 2019 मध्ये एकटीच तिकडे जाऊन आली आहे आणि माझ्या मते त्या दिवशी कट्ट्यावर शुद्धीवर असलेली तीच एकटी होती. थकलेल्या माणसाला फसवायला मोठे कौशल्य लागत नाही, कारण आपल्या वतीने पुढचा निर्णय कोणीतरी घ्यावा एवढेच त्याला हवे असते, असे तिचे म्हणणे होते. “राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, आणि तो बंद आहे की नाही हे तिकीटखिडकीला विचारायचं असतं, रस्त्याला नव्हे. पण पहिल्या दिवशी तिथं जायचंच कशाला? शेजारी वाट फो मंदिरात 46 मीटर लांबीचा बुद्ध स्वतःच आडवा झालेला आहे. आपण दमलो आहोत याची त्याच्यासमोर लाज वाटत नाही.”

विमानतळावर समुद्रमंथनाचे भले मोठे शिल्प असूनही आपल्याला येताना ते दिसलेच नाही, अशी तक्रार विनयने मध्येच केली. “ते परत जाणाऱ्यांच्या बाजूला आहे,” मीनल म्हणाली. “अमृत जाताना मिळतं. येणाऱ्याच्या वाट्याला हलाहलच.”

आप्पांना पौराणिक दाखले चालत नाहीत. सहलीबरोबर गेला असता तर हे घडलेच नसते, असे सांगता सांगता ते 2016 च्या दिवेआगर सहलीच्या हिशेबावर घसरले आणि नितीनकडे अजून चारशे रुपये निघतात, हे त्यांनी सालाबादप्रमाणे जाहीर केले.

“आप्पा, तुमच्या सहा दिवसांत रत्नांचं दुकान नव्हतं का हो?” मीनलने विचारले.

“होतं. पण ते कार्यक्रमपत्रिकेत होतं.”

“म्हणजे विनयला वीस बाटांत नेलं आणि तुम्ही आगाऊ पैसे भरून गेलात.”

टकटक थांबली. नितीनने चारशे रुपयांचा सूड घेण्याची संधी साधून, तो नीलम एखाद्या सराफाला कधी दाखवला आहे का, असे अत्यंत नम्रपणे विचारले. आप्पांनी उजवा हात खिशात घातला, आजचे कटिंग आपल्याकडून, असे घोषित केले आणि मग डाव्या हाताने पाकीट काढताना त्यांची जी तारांबळ उडाली, ती पाहून चहावालाही हसत सुटला.