साडेएकवीस किलोची पेटी

सांगलीत 'पेटी' हा शब्द जपून वापरावा लागतो. तासगावकडं पेटी म्हणजे ४ किलो द्राक्षं. भजनी मंडळात पेटी म्हणजे बाजाची. शेतकऱ्याच्या तोंडी पेटी म्हणजे मोटरचा स्टार्टर, आणि चार माणसं टपरीवर आवाज खाली घेऊन पेटी म्हणाली तर ती १ लाखाची. मी मात्र आयुष्यभर पेटी म्हणजे हत्यारांची पेटी एवढंच समजत आलो. त्यामुळं निवडणुकीच्या दिवसांत अंकलीच्या पुलाजवळ नाकाबंदीला एका हवालदारानं अडवून "गाडीच्या मागं काय बांधलंय?" असं विचारलं, तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "पेटी आहे, साहेब."

पुढची वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला माझे पाने, पकडी, कानशी, छिन्न्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. जाणारी-येणारी माणसं भाव विचारून गेली. शेवटी तो हवालदार कंटाळून म्हणाला, "एवढं सगळं कशाला लागतंय ओ?"

हाच प्रश्न मला बायको बावीस वर्षं विचारते आहे.

मी मोटरी दुरुस्त करतो. म्हणजे पाण्याच्या. दुकान आहे, पाटी आहे, पण पाच एचपीची मोटर काय दुकानात चालत येत नाही. ती नदीकाठी असते, विहिरीत असते, नाहीतर बोअरमध्ये दोनशे-तीनशे फुटांवर बसून असते. आपण तिच्याकडं जायचं. आणि जाताना दुकानातलं काय न्यायचं आणि काय ठेवायचं, हे ज्याला जमलं त्याला मी या धंद्यात मिस्त्री मानतो. मला अजून जमलेलं नाही.

सुरुवात खताच्या पोत्यापासून शिवलेल्या पिशवीनं केली. स्वस्त, हलकी, मजबूत. दोष एकच, तिला आतून तळ सोडला तर काहीच नव्हतं. टेस्टर पाहिजे असला की वारुळात हात घालावा तसा हात घालायचा आणि हॅक्सॉचं ब्लेड कुठल्या बोटाला लागतंय याची वाट बघायची. मग बादली झाली. बादलीत सगळं दिसतं, पण वळवाच्या पावसात सगळं बुडतंही. मग लाल प्लॅस्टिकची फॅशनेबल टूलबॉक्स घेतली. झाकणावर पारदर्शक खण, त्यात वायरच्या टोकाला बसवायचे थिंबल, लग आणि वॉशर वेगवेगळे. कडी लावली आहे अशी माझी समजूत होती. स्टँडवर एसटीत चढताना मी मूठ धरून वर उचलली, झाकण माझ्यासोबत वर आलं आणि बाकीची पेटी खालीच राहिली. मधल्या वेळात जे काय घडलं त्यात दोन शाळकरी पोरं, एक भडंगवाला आणि कंडक्टर असे चौघंजण माझे वॉशर वेचत होते. कंडक्टरनं एक वॉशर हातात देताना ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी अजून विसरलो नाही.

म्हणून शेवटी लोखंडी घेतली. पाच कप्प्यांची. मधोमध उघडली की दोन्ही बाजूला जिन्यासारखे कप्पे पसरतात. दुकानदारानं सपाट काउंटरवर ती उघडून दाखवली तेव्हा देवीनं हात पसरावेत तसं वाटलं मला. "आयुष्यभर जाते," तो म्हणाला. कुणाच्या आयुष्यभर, ते विचारायचं राहून गेलं. रिकामी पेटीच पाच किलोच्या वर होती.

आता त्यात काय भरलं ते सांगतो, म्हणजे दोष माझा नाही हे तुमच्या ध्यानात येईल.

पेटीतली प्रत्येक वस्तू म्हणजे एकेका गावात झालेली फजिती आहे. २४-२७ चा पाना आहे, कारण वाळव्याकडं एकदा कॉलम पाइपच्या फ्लँजला माझ्याकडं पाना नव्हता आणि गावातली अर्धी माणसं कठड्यावर बसून माझ्याकडं बघत होती. चेन पाना आहे, कारण गंजलेला फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, जिला आमच्याकडं सगळे 'फुटबॉल' म्हणतात, हातानं फिरवायला गेलो आणि फुटबॉलऐवजी मीच फिरलो. एक कुंकवाच्या डबीतला गोल आरसा आहे. लोक हसतात. पण मोटर बसवणारा माणूस तिची नेमप्लेट न चुकता भिंतीकडं करून बसवतो. एचपी किती, अँपिअर किती, हे वाचायचं तर आरसा मागं धरायचा आणि उलटे आकडे सुलटे वाचायचे. आता मोबाइलनं फोटो काढता येतो, हे मलाही कळतं. पण विहिरीत मोबाइल पडला तर केवढ्याला, आणि आरसा पडला तर केवढ्याला?

मेगर, म्हणजे मोटरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, आहे, तो २०१९ च्या पुरापासून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर नदीकडच्या गावभागात. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मी पहिल्यांदा पेटी गच्चीवर नेली, हे बायकोनं नातेवाइकांत इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझ्या नावापुढं पदवीसारखं लागतं. तिला मी किती वेळा समजावलं, की तुला पाय आहेत. पूर ओसरला आणि नदीकाठच्या मोटरी चिखलातनं वर यायला लागल्या. प्रत्येक मोटर उघडायची, धुवायची, दोन-तीन दिवस बल्बच्या उबेत वाळवायची आणि मेगर लावून वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा विरोध बघायचा. काटा १ मेगाओहमच्या खाली घुटमळला की परत बल्बखाली. ते दोन महिने मी मेगर उशाशी घेऊन झोपत होतो. तो आता पेटीतनं काढायचा म्हणता?

शिवाय जुन्या स्पीकरचं एक चुंबक आहे, दोरी बांधलेलं. ते कशाला ते पुढं येईल.

एकदा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मोटर बघायला गेलो होतो. काम झालं, काटा मोकळा दिसला, सहज पेटी ठेवली. साडेएकवीस किलो. तिथल्या हमालानं ती हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "जड नाही मालक, पण एका अंगाला ओढतीय. हळदीचं पोतं कधी असं करत नाही." पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर टाकणाऱ्या माणसानं दिलेला हा शेरा मला लागला. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली का, हे त्या दिवशी कळलं. गाडीसुद्धा स्टँडवर लावली की डावीकडं मान टाकते.

घरी येऊन हे बोललो आणि तिथंच चुकलो. चिरंजीव कुपवाडला एमआयडीसीत कंपनीत आहेत. त्यांच्याकडं 'फाइव्ह एस' म्हणून एक जपानी व्रत आहे. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसून ठेवा, आणि हे रोज करा. जे महिनाभर वापरलं नाही त्याला लाल चिठ्ठी. रविवारी मी दाढीला गेलो होतो तेवढ्यात चिरंजीवांनी पेटी उघडली. परत येतो तर एकेका हत्याराच्या गळ्यात लाल दोरा! मेगरला दोरा, आरशाला दोरा, चेन पान्याला दोरा, चुंबकाला दोरा. नवसाला लोक वडाला बांधतात तसं दृश्य. बायको चहा घेऊन आली, सगळं बघितलं आणि एक दोरा माझ्या मनगटाला बांधून आत गेली.

तरी मी मन मोठं केलं आणि सहा किलो सामान कमी केलं. सोमवार बरा गेला. मंगळवारी कवलापूरला गेलो, मोटरची नेमप्लेट भिंतीकडं. तेव्हापासून आमच्या घरात म्हणच झाली: रविवारी लाल दोरी, तेच लागतं मंगळवारी. बुधवारी पेटी परत साडेएकवीस किलो.

पण एक जागा मात्र मोकळीच होती. पान्यांचा आठाचा संच असतो, ६-७ पासून २०-२२ पर्यंत. माझ्या संचात चार वर्षं सातच. १२-१३ गायब. ज्यानं पाना हातात धरलाय त्याला सांगायला नको, की आठ एमएमच्या बोल्टचं डोकं तेरा नंबरचं असतं आणि निम्मी दुनिया आठ एमएमच्या बोल्टवर उभी आहे. दुसरा १२-१३ घेतला होता, पण तो सुटा, दुसऱ्या बनावटीचा. कप्प्यात सख्ख्या भावंडांत चुलत बसावा तसा बसायचा. मूळचा गेला कुठं, हे मला माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं मी समजत होतो. तेव्हा हाताखाली मेहुणा होता. नंतर त्यानं विश्रामबागला स्वतःचं दुकान टाकलं आणि त्याच सुमाराला माझा पाना गेला. दोन आणि दोन मी चार केले. तोंडानं काही बोललो नाही, पण दिवाळीला एकदा "तुझ्याकडं तेराचा पाना असंल की" एवढं म्हणालो. त्याला ते झोंबलं. पुढं गणपतीत जेवायला आला, बायको आतनं म्हणाली, "ये रे, पान घेतलंय." तो उंबऱ्यातच थांबला. "ताई, मी पाना घेतला नाही."

परवाची गोष्ट. भिलवडीकडचे एक आबा आहेत, जुनं गिऱ्हाईक. रात्री अकराला फोन. "मोटर नुसती हुंकारतीय, उचलत नाही. रात्रीची लाइट हाय, सकाळी जातीय. येतोस का?" गेलो. ऊस भिजवायचा होता, चोहीकडं पाणी. स्टार्टरच्या खोपटापाशी बांध निमुळता. मी पेटी बांधावर ठेवली आणि सवयीनं दोन्ही बाजूंचे कप्पे उघडले.

पाच कप्प्यांच्या पेटीचं वजन उघडल्यावर दोन्हीकडं पसरतं, हे मला सांगायला पाहिजे होतं त्या दुकानदारानं. काउंटर सपाट असतो. बांध नसतो. पेटीनं आधी थोडा विचार केला, मग सावकाश उजवीकडं झुकली आणि साडेएकवीस किलो संसार पाटात गेला. आवाजसुद्धा फार आला नाही. चिखलात पडलेल्या लोखंडाला आवाज नसतो.

आबांनी बॅटरी मारली. "किर्लोस्करवाडी हितनं हाकंवर," ते म्हणाले, "आन् तू आमच्या पाटात लोखंडाची पेरणी करतोस."

पेटीत एकच वस्तू शिल्लक होती. तळाला चिकटलेलं, लाल दोरा बांधलेलं चुंबक.

मग मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटात उतरलो आणि दोरी धरून चुंबक चिखलातनं ओढायला लागलो. पहिल्या फेरीला पक्कड आणि तीन पाने. दुसरीला कानस, हातोडी. एलएन कीचा, म्हणजे षटकोनी चाव्यांचा, झुबका द्राक्षाच्या घडासारखा वर आला. पितळेचे लग, तांब्याचे थिंबल गेले ते गेलेच, त्यांना चुंबक ओळखत नाही. आबा बांधावर बसून एकेक वस्तू शर्टाच्या टोकाला पुसून कप्प्यात ठेवत होते, कुठल्याही कप्प्यात. चिरंजीव असते तर रडले असते.

पाचव्या की सहाव्या फेरीला चुंबक जरा खोल गेलं आणि जड लागलं. वर काढलं तर गंजाचा एक पाना. माझे तर चकचकीत होते. म्हटलं, आधी कुणीतरी मिस्त्री येऊन गेलेला दिसतोय. अंगठ्यानं चिखल बाजूला केला. १२-१३. मधल्या पट्टीवर अंगठा फिरवला तर कानशीनं मारलेले तीन घाव, शेजारी शेजारी, तिसरा थोडा तिरका.

माझ्या सगळ्या हत्यारांवर तीन घाव असतात. तिसरा तिरकाच येतो.

तेव्हा आठवलं. चार वर्षांपूर्वी याच खोपटात स्टार्टर बदलला होता. आबांच्या हातात चहा, माझ्या हातात पाना, मेहुणा बॅटरी धरून उभा. चहा घेताना पाना मी कुठंतरी ठेवला होता. कुठंतरी म्हणजे इथं.

"घावला का?" आबांनी वरनं विचारलं.

"घावला," मी म्हणालो. आवाज जरा बसलेला होता.

एवढं होऊन मोटर बघायची राहिलीच होती. पुसून, हात कोरडे करून स्टार्टरपाशी गेलो. तिन्ही फेज तपासले, एक येत नव्हता. मेन स्विच बंद करून किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा ओढून काढायचा फ्यूज, ओढला, तर त्याची एक वायर सैल होऊन काळी पडलेली. छाटली, कसली, स्विच चढवला, बटण दाबलं. मोटर उचलली. सगळं काम पाच मिनिटांचं आणि लागलं काय, तर टेस्टर. तो पहिल्यापासून माझ्या शर्टाच्या खिशात होता.

सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून, रॉकेल लावून एकेक हत्यार पुसत बसलो होतो. बायको कप घेऊन आली. तिची नजर बरोबर त्या पान्यावर गेली. चाळीस वस्तूंतनं तेवढीच कशी दिसते, देव जाणे.

"हा कुठला?"

"घेतला. जुन्या बाजारात. सेकंडहँड."

तिनं तो उचलला, उलटा केला, अंगठा फिरवला. तीन घाव मोजले. काही बोलली नाही. आत गेली आणि फोनवर तिचा आवाज ऐकू आला. "अरे, आज जेवायला ये. नाही नाही, सण काही नाही. तुझ्या दाजींना तुझ्याशी बोलायचंय."

मी कुपवाडला अर्जंट काम निघालंय असं ओरडून सांगितलं, गाडीला किक मारली आणि निघालो. गाडी एकदम सरळ चालत होती. माधवनगरच्या रस्त्याला लागल्यावर ध्यानात आलं, की पेटी अंगणातच राहिली.