जॉर्डनला शाळेच्या संघातून हाकललं नव्हतं

गेल्या आठवड्यात क्लबच्या सरांनी माझ्या पुतण्याला मोठ्या संघात न घेता ज्युनिअर संघात ठेवलं. वय 15, उंची अजून वाढायची आहे. त्याच रात्री दादाने घरच्या ग्रुपवर ती पोस्ट टाकली. बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकल जॉर्डन, त्याला शाळेच्या संघातून हाकललं, कोच म्हणाला 'तुझ्यात दम नाही', पोरगा घरी जाऊन रडला, मग कुणाच्याही मदतीशिवाय एकट्याने मेहनत केली, एनबीएनेही, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनेही, आधी त्याला डावललं, आणि शेवटी त्याच कोचला मान खाली घालावी लागली. खाली दादाचा शेरा: 'सरांना एक दिवस पश्चात्ताप होईल.' पुतण्याने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर जाणं बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

पहिलं, हाकललं नाही. 1978 सालची गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन गावचं लेनी हायस्कूल. जॉर्डन तेव्हा दहावीत होता, उंची 5 फूट 10 इंच. तिकडच्या शाळांत दोन संघ असतात. वरच्या वर्गातल्या मुलांचा मुख्य संघ, त्याला व्हार्सिटी म्हणतात, आणि लहान मुलांचा ज्युनिअर व्हार्सिटी. दहावीतली मुलं सहसा दुसऱ्यातच खेळतात. लेनीच्या मुख्य संघात बहुतेक जागा वरच्या वर्गातल्या मुलांनी भरल्या होत्या आणि कमतरता होती उंचीची. म्हणून दहावीतला लिरॉय स्मिथ वर गेला, तो होता 6 फूट 7 इंच. जॉर्डनला ज्युनिअर संघात ठेवलं. बेंचवर नाही, घरी नाही, संघात. तिथे तो पूर्ण वेळ खेळला, काही सामन्यांत चाळीस-चाळीस गुण केले. पुढच्या वर्षी उंची वाढली आणि तो मुख्य संघात आला.

'तुझ्यात दम नाही' हे वाक्य तर कुणीतरी नंतर चिकटवलेलं आहे. जॉर्डन स्वतः ही हकिगत सांगतो तेव्हा त्यात यादी असते. निवडलेल्यांची नावं लावली होती, त्यात त्याने आपलं नाव शोधलं आणि ते नव्हतं. कोचने तोंडावर अपमान केल्याचा प्रसंग त्याच्या सांगण्यातही येत नाही.

रडला हे मात्र खरं मानावं लागेल. ते तो स्वतःच सांगतो. आणि सल त्याने आयुष्यभर धरला, इतका की 2009 मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या गौरवाच्या, सोहळ्याला लिरॉय स्मिथला बोलावलं आणि भाषणात जुन्या कोचला ऐकवलं की तुमची चूक झाली. म्हणजे या दंतकथेला खतपाणी खुद्द जॉर्डननेच घातलं, हेही मान्य. पण पंधरा वर्षांच्या मुलाला वाईट वाटलं म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असं होत नाही.

आता ज्या मुद्द्यावर माझा खरा संताप आहे तो. 'कुणाच्याही मदतीशिवाय.' त्या कोचचं नाव क्लिफ्टन हेरिंग, सगळे त्यांना पॉप म्हणत. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकाने 2012 मध्ये त्यांच्यावर मोठा लेख छापला, तो वाचल्यावर ही पोस्ट पुढे पाठवायला हात धजावणार नाही. ज्या माणसाला आपण खलनायक करून ठेवलंय, तोच भल्या सकाळी जॉर्डनला घरून गाडीतून घेऊन शाळेच्या जिममध्ये नेत असे आणि शाळा भरण्याआधी सराव करून घेत असे. ज्युनिअर संघाचा निर्णय घेणारा आणि पहाटे दारात गाडी उभी करणारा माणूस एकच! पुढे गंभीर मानसिक आजाराने हेरिंग यांची कोच म्हणूनची कारकीर्द ऐन उमेदीत संपली. जॉर्डन जगभर गाजत असताना हे गावात आजाराशी झगडत होते, आणि जगाला त्यांची ओळख काय, तर जॉर्डनला ओळखू न शकलेला मूर्ख कोच. एका भल्या माणसाचं नाव आपण दर परीक्षेच्या निकालाला आणि दर निवड चाचणीला मातीत घालतो आणि खाली हात जोडल्याची चित्रं लावतो.

एनबीएने डावललं म्हणे. 1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली. देशभरातल्या खेळाडूंत तिसरा, याला डावलणं म्हणत नाहीत. पहिला हकीम ओलाजुवॉन, ज्याने ह्यूस्टनच्या संघाला पुढे दोन विजेतेपदं मिळवून दिली. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडच्या संघाने सॅम बोवीला घेतलं, तिथे चूक झाली हे खरं. पण त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीपासून होता, हवा होता सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. पुन्हा तीच गोष्ट, गरज उंचीची होती.

पोस्टच्या शेवटी आपले नऊ हजार शॉट चुकल्याचं जॉर्डनचं वाक्य आहे. ते बुटांच्या जाहिरातीतलं आहे, 1997 चं. कारकीर्द संपली तेव्हा नियमित हंगामांतल्या चुकलेल्या शॉट्सचा आकडा 12,305 होता आणि बास्केटमध्ये गेलेले 12,192. हे आकडे मुलांना जरूर सांगा, खरे आहेत आणि कुणाची बदनामीही करत नाहीत.

दादा, सरांनी त्याला ज्युनिअर संघात घेतलंय कारण तिथे तो पूर्ण सामना खेळेल. वरच्या संघात तो पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला असता. पोस्ट काढली नाहीस तरी चालेल. सराव सकाळी सहाला सुरू होतो. उद्या त्याला गाडीवरून तू सोडायला जा.