घरपट्टी माफीवरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोरोनाच्या काळात नगरपरिषदांनी घरपट्टी सरसकट माफ केली नाही हे योग्यच झालं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारता, मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली, मग आमच्या गावाने काय पाप केलं? ठेवी मोडा, बाकीचं सरकार बघेल. आणि शटर बंद करून घरी बसलेल्या माणसाचं दुःख पेन्शनवाल्याला काय कळणार?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं खरं आहे. महिनोन्‌महिने बंद असलेलं सलून आणि दर एक तारखेला पगार जमा होणारं घर, दोन्ही मी एकाच मापाने मोजली. ती माझी चूक झाली.

पण मुंबईशी तुलना पटत नाही. 2017 मध्ये जीएसटी आला, मुंबईत येणाऱ्या मालावरची जकात गेली, आणि महापालिकांना भरपाई देणारा कायदा झाला. 2016-17 हे वर्ष आधार धरून दरवर्षी 8 टक्के वाढ. मुंबईचा पहिला मासिक हप्ताच 647 कोटींचा होता. नगरपरिषदांची जकात त्याच्या कितीतरी आधी, 1999 मध्येच गेली. त्या तेव्हापासून शासनाच्या सहायक अनुदानावर आहेत. ठेवींचं म्हणाल, तर त्यांत कंत्राटदारांच्या अनामत रकमा असतात, एखाद्या योजनेचे अखर्चित पैसे असतात. ते मोडायचा हक्क नगरपरिषदेला नसतो.

आणि सरकार काय बघतं? केंद्राचा पैसा कुणाला किती द्यायचा हे ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी लहान शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातलं 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेलं. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार करता येत नव्हता. शिवाय अट अशी होती की, घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढली पाहिजे, नाहीतर अनुदानावर पाणी सोडा. म्हणजे माफी दिली की घरपट्टीही गेली आणि दिल्लीचे पैसेही.

मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात होतो. एका दुष्काळी वर्षी वसुली जवळजवळ थांबली. कायम कर्मचाऱ्यांचे पगार अनुदानातून निघाले. सफाईच्या कंत्राटदाराचं बिल मात्र स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टीसारख्या स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचं होतं, ते तीन महिने अडलं आणि त्याने कामगारांचे पैसे थांबवले. घंटागाडीवरच्या बायका माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. दुकानदार उधारी देत नव्हता. रजिस्टरमध्ये शिल्लक दिसत होती, पण ती सगळी बंधित निधीची, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायची. एक रुपया हलवता येत नव्हता. कोरोनात हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारत गल्लोगल्ली फिरणारे याच कंत्राटातले होते. म्हणून सरसकट माफी म्हटलं की मला धास्ती वाटते.

मग करायला काय हवं होतं? पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानींची कामं त्या वर्षी थांबवायची. आधी कंत्राटी कामगारांचे पैसे, पाणीपुरवठ्याचं वीजबिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, घंटागाडीचं डिझेल. बंद दुकानांची वेगळी यादी करून त्यांना हप्ते द्यायचे. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड चढतो, दुकानदार खरा तिच्याखाली चिरडतो. त्या काळापुरती ती माफ करावी, असा ठराव करून शासनाकडे पाठवायचा.

तुमच्या गावात असा ठराव झाला होता का? झाला नसेल आणि त्या महिन्यांची शास्ती अजून बिलात दिसत असेल, तर बिलाचा फोटो पाठवा. मुख्याधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी लिहून देतो.