दोन शब्दांवरून माणूस ओळखायचा?
‘साक्षीदार आवाज खात्रीने ओळखतो, मग शंका कशाला?’ हा आवाजावरून आरोपी ओळखण्याविषयीच्या लेखातला मुद्दा मला अजिबात पटला नाही. अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणाचा खटला आठवा. एप्रिल १९३२, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली दफनभूमी, रात्रीची वेळ. लिंडबर्ग गाडीत बसलेले, खंडणी द्यायला आलेल्या त्यांच्या मध्यस्थाला लांबून कुणीतरी हाक मारली, ‘हे डॉक्टर!’ कानावर पडलं ते एवढंच. १९३४ साली आरोपी हाउप्टमन पकडला गेल्यावर त्याच्याकडून तेच शब्द वदवून घेतले आणि पुढे कोर्टात लिंडबर्ग ठामपणे म्हणाले, आवाज याचाच. (खंडणीच्या नोटा त्याच्या गॅरेजमध्ये सापडल्या, तो पुरावा वेगळा.) यानंतर मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस मॅकगेही यांनी प्रयोग केले: एका दिवसाने ८३ टक्के लोकांनी अनोळखी आवाज ओळखला, पाच महिन्यांनी फक्त १३ टक्के. इथे तर अडीच वर्षं! फोनवर आई बोलतेय की मावशी, यात माझी आजही गल्लत होते. निदान संशयिताचा एकट्याचा आवाज ऐकवू नका, सारख्या आवाजांत मिसळून ऐकवा.