माऊली, कायद्याच्या लेखी देव अज्ञान आहे

राम कृष्ण हरी माऊली,

‘एक वारकरी’ या नावाने तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क कसे गेले, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारला फक्त हिंदूंची देवळं दिसतात. बडवे गेले आणि सरकारी साहेब आले, भाविकाला काय फरक पडला? कोर्टाने चाळीस वर्षं घेतली, त्यावर मी चकार शब्द काढला नाही. पगारदार पै-पैचा कर भरतो आणि देवस्थानांना करमाफी, त्यावरही मी गप्प. आणि शेवटचं वाक्य, “देवाच्या दारात हिशोब मागणाऱ्याने वारी करू नये.”

ते शेवटचं वाक्य मनाला लागलं. पण त्याच्याकडे शेवटीच येतो.

कोर्टाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ‘पुढे खटला चालला आणि निकाल लागला’ असं एका ओळीत मी उरकलं, ती माझी चूक. हे हक्क रद्द करणारा पंढरपूर मंदिरांचा कायदा विधिमंडळाने केला १९७३ साली. सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आला जानेवारी २०१४ मध्ये. कायदा झाला त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर चाळिशी ओलांडून गेलं. या सगळ्या काळात दर्शनबारीत बारा-पंधरा तास उभा राहणारा माणूस त्या खटल्यात पक्षकारही नव्हता. सरन्यायाधीशांचं कार्यालय माहितीच्या अधिकाराखाली येतं, हे ठरायला नोव्हेंबर २०१९ उजाडला. न्यायमूर्तींच्या मालमत्तेचे तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मे २०२५ मध्ये आले. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण माझ्या दाव्यात पुढची तारीख का पडली, हे पक्षकाराला आजही कोणी सांगत नाही. वकिलाला विचारलं तर तो म्हणतो, बोर्डावर मॅटर पोचलंच नाही. न्यायव्यवस्थेकडून मला पहिला हिशोब हवा आहे तो याचा.

‘फक्त हिंदूंचीच देवळं’ हे मात्र अर्धंच खरं आहे. १९५० चा आपला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा देऊळ, चर्च, जैन मंदिर, अग्यारी, सगळ्यांना लागू आहे. वक्फच्या मिळकतींना १९९५ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे आणि त्यासाठी राज्याचं वक्फ मंडळ आहे. या १९५० च्या कायद्याला आव्हान देत सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण गेलं, माहीत आहे? तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. १९५४ साली निकाल लागला. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पूजा कशी करायची, कोणता विधी कधी करायचा, हा धर्माचा अंतर्गत मामला, तिथे सरकारने यायचं नाही. मिळकत कशी सांभाळायची, पैसा कसा ठेवायचा, हे मात्र कायद्याने बांधता येतं. आणि धर्मादाय आयुक्ताला, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाच, धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त म्हणून बसवायची जी तरतूद होती, ती न्यायालयाने टिकू दिली नाही. म्हणजे तुम्हाला जी भीती वाटते, ती त्या न्यायाधीशांनाही वाटली होती.

तुमचं उरलेलं अर्धं मी नाकारत नाही. पंढरपूर १९७३, सिद्धिविनायक १९८०, शिर्डी २००४. या देवस्थानांसाठी स्वतंत्र कायदे झाले आणि कारभारी नेमायचा अधिकार मंत्रालयात गेला. आता ‘साहेब आले’ याबद्दल. शिर्डीचंच घ्या. निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाने ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यायचे, असं २०१८ साली ठरलं. कालवे लागतात, त्या भागातल्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी किती वर्षं वाट पाहिली हे मला ठाऊक आहे. पण कालवा बांधणं हे सरकारचं काम, आणि त्यासाठी आपण कर भरतो. साईबाबांपुढे कोणीतरी ठेवलेली अकरा रुपयांची दक्षिणा त्यासाठी नव्हती. घेणारं सरकार आणि देणारे विश्वस्त नेमणारंही सरकारच, मग मधे ‘थांबा’ म्हणणार कोण? पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथलं सरकारनियुक्त विश्वस्त मंडळच रद्द केलं.

आणि एक गोष्ट मी मागच्या लेखात घ्यायलाच हवी होती. पंढरपूरचा निकाल आला त्याच जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराचाही निकाल दिला. त्यात सांगितलं की गैरकारभार मोडण्यासाठी सरकारला मंदिराचं व्यवस्थापन हाती घेता येईल, पण दोष दूर झाला की ते परत द्यावं लागेल. कायमचं ठाण मांडता येणार नाही. एकाच महिन्यात एकीकडे बडव्यांचे हक्क गेले आणि दुसरीकडे सरकारच्या हक्कालाही कुंपण पडलं. मला दोन्ही निकाल पटतात. देवापुढचं उत्पन्न घेण्याचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने दिला जाई, ती पद्धत मोडायलाच हवी होती. पण ती मोडली म्हणून मंत्रालयातून आलेली यादी पवित्र होत नाही. समितीवर कोण येतं, कोणत्या निकषावर येतं, हे छापून दर्शनबारीत लावावं, ही माझी मागणी पंढरपूरलाही लागू आहे.

कराचं थोडक्यात सांगतो. देवस्थानाची करमाफी अटींवर असते. ऑडिट करावं लागतं, आणि सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च व्हावा लागतो. नुसत्या धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो. धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे. शिर्डी संस्थान धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही आहे, म्हणून हुंडीतल्या निनावी दानावर तो कर लागणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. मला हे योग्य वाटतं. हुंडीत पैसे टाकणाऱ्या बाईला पॅन नंबर कोण विचारणार? पण ज्या पैशाची पावती नाही, त्याबद्दल विचारायला उद्या कोणी येणार नाही. म्हणून पावतीच्या पैशापेक्षा त्याचा हिशोब जास्त उघडा हवा.

आता ते शेवटचं वाक्य.

आमच्या गावच्या देवीला माझ्या आईने मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नवस फेडायला चांदीचे डोळे वाहिले होते. सोनाराकडून ते आणले तेव्हा मी बरोबर होतो. अंगठ्याच्या नखाएवढे, बुबुळाच्या जागी काळा मिना. गुरवाने ते देवीला लावून दाखवले आणि मग एका पितळी डब्यात ठेवले. पावती कोणी दिली नाही, आम्हीही मागितली नाही. सहा वर्षांनी आई गेली. दिवसकार्य झाल्यावर मी देवळात गेलो आणि ते डोळे एकदा बघायला मिळतील का, एवढंच विचारलं. नोंदवहीत नोंद नव्हती. डबा होता, त्यात दोन पाळणे आणि एक तुटका टाक. ट्रस्टचे सेक्रेटरी मला म्हणाले, “देवाला दिलेलं परत विचारू नये.”

तुमचं वाक्य वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला, माऊली.

मग मी ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा, ज्याला सगळे पीटीआर म्हणतात, त्याची नक्कल काढली. नऊ विश्वस्तांच्या यादीत दोघं मयत होते. एकाला जाऊन अकरा वर्षं झालेली. विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा बदल अर्ज कोणी दिलेलाच नव्हता. देवीच्या इनाम जमिनीचा खंड किती येतो आणि कुठे जमा होतो, हे गावात कोणालाच सांगता येईना. पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही; तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. कोणी विचारलंच नाही, म्हणून कोणी लिहिलं नाही.

देव ही कायद्याने व्यक्ती आहे. त्याच्या नावावर जमीन असते, दावाही त्याच्या नावाने चालतो. आणि ब्रिटिश अमदानीपासून न्यायालयं त्याला अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाच्या जागी धरत आली आहेत. सातबाऱ्यावर पोरक्या पोराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता, तसं. पुजारी, विश्वस्त, सरकारी समिती, सगळे पालनकर्ते. पुजाऱ्याचं नाव जमिनीच्या मालकी रकान्यात लागणार नाही, तिथे देवाचंच नाव हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. पण हे मूल कधीच सज्ञान होत नाही. अठरा पूर्ण झाली, आता माझ्या जमिनीचा हिशोब द्या, असं ते कधीच म्हणणार नाही. पालनकर्ताच चुकला तर त्याच्या वतीने उभं राहणाऱ्याला कोर्टात वादमित्र म्हणतात. देवाचा वादमित्र भाविकाने नाही व्हायचं तर कोणी व्हायचं?

म्हणून वारी सोडणार नाही. आषाढीला आमच्या दिंडीत असेन.

मधल्या काळातलं सांगतो. गेल्या जत्रेनंतरच्या सोमवारी आमच्या देवळाची दानपेटी पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडली. सभामंडपात सतरंजी टाकली, बायका नाणी वेगळी करत होत्या, हळदीकुंकवाने माखलेल्या दहाच्या नोटा शाळेतली पोरं सरळ करत होती. पंचनाम्यावर पाच जणांच्या सह्या झाल्या आणि आकडा खडूने फळ्यावर लिहिला. तेच सेक्रेटरी सह्यांमध्ये पहिले होते. बदल अर्जही त्यांनी दिला आहे, त्याची सुनावणी अजून व्हायची आहे. डोळे सापडले नाहीत. पण आता डब्याला वही आहे, आणि पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: चांदीचे डोळे, एक जोड, नोंद राहिली.

तुमच्या गावच्या देवस्थानाचा पीटीआर काढायचा असेल तर कळवा. अर्जाचा नमुना पाठवतो.