शेत का ठेवले आणि फ्लॅट का विकला : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

कॅनडाला कायमचे जाण्यापूर्वी काय विकले आणि काय ठेवले, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीतला दरमहा भाडे देणारा फ्लॅट विकून करवीर तालुक्यातले ३० गुंठे उसाचे शेत ठेवणे हा उलटा व्यवहार आहे. मी भावनेवर हिशेबाचे पांघरूण घातले आहे. आणि पणजोबांची हस्तलिखित पोथी मागे ठेवताना ती भावना कुठे गेली, असे आपण विचारता. स्वर कडक असला तरी प्रश्न रास्त आहेत.

भावना नव्हती असे मी म्हणणार नाही. ज्या विहिरीवर आजोबांनी मोट हाकली, तिच्या काठची जमीन विकताना हात अडखळलाच असता. पण निर्णय त्यावर झाला नाही. आज किंमत किती येते, यापेक्षा गेलेली वस्तू पुन्हा घेता येईल का, हे मी आधी पाहिले. फेमा या परकीय चलनविषयक कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला इथे घर किंवा दुकानगाळा घेता येतो, शेतजमीन मात्र खरेदी करता येत नाही. आधीपासून नावावर असलेली किंवा वारशाने आलेली जमीन तेवढी ठेवता येते, आणि पुढे विकायची झाल्यास ती निवासी भारतीय नागरिकाला विकता येते. त्यात १९४८ च्या आपल्या कूळकायद्यानुसार महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणजे हे ३० गुंठे गेले असते, तर परदेशात असताना मला दुसरे शेत घेता आले नसते, आणि म्हातारपणी कायमचा परतलो असतो तरी नावावर एकही सातबारा नसताना शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणला असता? फ्लॅटचे तसे नाही. राजारामपुरीत नाही तर नागाळा पार्कात, ऐपत असेल त्या वर्षी तो पुन्हा घेता येईल.

भाड्याचा मोह मलाही होता. मात्र मालक अनिवासी झाला की भाडे कितीही कमी असले तरी भाडेकरूने त्यातून ३० टक्के आणि वर उपकर असा कर कापून सरकारजमा करायचा असतो. माझे भाडेकरू अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांना या लचांडात अडकवणे मला बरे वाटले नाही. विक्रीचेही तसेच. निवासी मालकाकडून घर घेताना किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तरच खरेदीदार १ टक्का कर कापतो. अनिवासी मालकाच्या बाबतीत ही मर्यादा लागू नाही, आणि दरही दीर्घकालीन भांडवली नफ्याचा लागतो. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाईचा निर्देशांक धरून २० टक्के किंवा तो न धरता १२.५ टक्के, यांपैकी सोयीचा कर निवडण्याची मुभा निवासी व्यक्तीलाच आहे. त्यामुळे फ्लॅट विकायचा तर निघण्याआधीच विकणे शहाणपणाचे होते. शहराच्या हद्दीपासून पुरेशा लांबच्या ग्रामीण शेतजमिनीवर भारतात भांडवली नफ्याचा कर नाही, म्हणून तिच्यासाठी अशी घाई नव्हती.

माझा लेख वाचून कर्जबाजारी तरुणही शेत धरून बसतील, ही आपली काळजी खरी आहे. व्याज डोक्यावर बसले असेल त्याने शेत विकले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त आधी घर, गाडी, सोने यांचा विचार करावा.

पोथीबद्दल. महत्त्वाचे हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले की १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ती धाकट्या भावाच्या देवघरात आहे. पत्नीचा साज मात्र बरोबर येईल. गुजरीतल्या सराफाकडून त्याचे मूल्यांकन करून घेतले, फोटो काढले, आणि तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला द्यायच्या यादीत तो लिहिला. मिक्सरबद्दल कोणी विचारले नाही, तरी सांगतो : तिथे वीज १२० व्होल्टची असते, तेव्हा तो शेजारणीला देऊन टाकला.

एका ठिकाणी मात्र आपण मला अचूक पकडले आहे. शेत ठेवले म्हणजे ते सांभाळले असे होत नाही, हे आपले वाक्य मला लागले. चुलतभावाला ते मी तोंडी बोलीवर वाट्याने दिले होते आणि पीकपाहणीत कोणाचे नाव लागते आहे, हे दोन हंगाम पाहिलेही नव्हते. भाऊबंदकीच्या दाव्यांत पुढे याच नोंदी काढल्या जातात, हे कोल्हापूरकराला कोणी वेगळे सांगायला नको. आता वाट्याचा करार लेखी केला आहे. धाकट्या भावाच्या नावाचे मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच नोंदवणार आहे, कारण परदेशातून पाठवलेल्या मुखत्यारपत्राला आधी वकिलातीचा किंवा त्या देशातल्या अधिकृत कार्यालयाचा शिक्का आणि ते इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लागतो. उसाचे बिल जमा होते ते बचत खाते अनिवासी खात्यात बदलावे लागेल. हे शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त असले तरी कॅनडा आपल्या रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतो, हेही मी मूळ लेखात लिहायला हवे होते. तसेच तिथे रहिवासी होण्याच्या दिवशीचा बाजारभाव हीच तो देश जमिनीची खरेदीकिंमत धरतो, म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून घ्यायचे ठरवले आहे.

मोजणीचा अर्ज गेल्या सोमवारी भूमी अभिलेख कार्यालयात दिला. तारीख मिळाली की चुलतभावासह बांधावर उभा राहीन, आणि हद्दीचे दगड रोवून झाल्यावरच विमानाचे तिकीट काढीन.